१० दिवसांचं विपश्यना शिबिर: एकटं राहायला शिकायचं असेल तर नक्की जा

मला एकटीला बसवायचंच नाही कधी, घरात कोणी नसलं की लगेच फोन नाहीतर टीव्ही चालू, म्हणून मुद्दाम विपश्यना या ध्यानपद्धतीच्या १० दिवसांच्या शिबिराला गेले. गेल्या गेल्या मोबाईल जमा, पुस्तक नाही, वही-पेन पण नाही, आणि आर्य मौन म्हणजे नुसतं बोलणं बंद असं नाही, खाणाखुणा पण बंद. पहाटे ४ ला घंटा, दिवसभरात जवळपास १० तास ध्यान.

पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, नाकपुडीपाशी, बास. दुसऱ्या दिवशी दुपारी मला इतकं रडू आलं, एका जुन्या मैत्रिणीशी झालेलं भांडण शब्दन् शब्द डोक्यात चालू झालं आणि ते दाबायला हाताशी काहीच नाही. बसून राहिले तशीच. मग ते आपोआप विरलं, आणि त्या दुपारनंतर एकटेपणाची भीतीच कमी झाली माझी.

चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायचं असतं, गुडघ्यांची वाट लागते हे आधीच सांगते. संध्याकाळी ही पद्धत जगभर पोहोचवणाऱ्या सत्यनारायण गोयंकांचं रेकॉर्डेड प्रवचन, ते फार आवडायचं. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि फॉर्ममध्ये खरं लिहा, प्लीज.

दहाव्या दिवशी मौन सुटलं, सगळ्या भरभरून बोलायला लागल्या आणि मी मात्र झाडाखाली जाऊन बसले, अजून थोडा वेळ हवा होता मला. आता रोज सकाळचा पाऊण तास माझा एकटीचा, फोन दुसऱ्या खोलीत.