स्वतःचा बेस की कॉर्स? गोव्यातल्या जमीनमोजणीसाठी

उपग्रहांवरून जमीन मोजायला बेस (एका जागी मांडलेला रिसीव्हर), रोव्हर (हातात घेऊन फिरायचा रिसीव्हर) आणि रेडिओ असा पूर्ण संच घ्यावा, की एकटा रोव्हर घेऊन सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स, म्हणजे कायम चालू असलेल्या संदर्भ केंद्रांच्या, जाळ्यावर काम भागवावं? गोव्यात याचं उत्तर तालुक्यागणिक बदलतं.

तिसवाडी, बार्देश, साष्टीत एकटा रोव्हर पुरे. सुधारणा, म्हणजे रोव्हरच्या जागेतली चूक काढणारे आकडे, मोबाइल इंटरनेटवरून येतात आणि तासाला जेमतेम काही एमबी डेटा जातो. वेग नको, न तुटणारी रेंज हवी. ती गेली की थोड्याच वेळात फिक्स (सेंटिमीटरची अचूकता) सुटून फ्लोट (ढिली अचूकता) दिसू लागतं. कॉर्सचा सर्व्हर जोडलेला दिसतोय पण सुधारणा येत नाहीत, असं झालं तर आधी रोव्हर आपली जागा, म्हणजे जीजीए संदेश, पाठवतोय का ते पाहा. बहुधा तेच बंद असतं.

सत्तरी, सांगे, धारबांदोड्यात घाटाकडे सरकलं की रेंजचा भरवसा नाही. तिथे स्वतःचा बेस आणि यूएचएफ रेडिओ हवा. दोन्ही अँटेना २ मीटरवर असतील तर सपाटीवर हिशेबाने ११-१२ किमी मिळतात, बेसची ५ मीटरवर चढवली तर सुमारे १५. मध्ये डोंगर आला की हा हिशेब संपला, म्हणून बेस उंच सड्यावर मांडा. ३५ वॉटचा रेडिओ प्रक्षेपण करताना ९ अँपिअरच्या आसपास ओढतो. गाडीच्या बॅटरीसारखी दणकट बॅटरी ठेवा. अँटेना लावल्याशिवाय तो चालू करू नका, आतला अॅम्प्लिफायर जळतो. वायरलेस परवान्याची कटकट वेगळीच.

खरा घोळ मात्र बेसच्या आकड्यात होतो. अनोळखी बिंदूवर मिनिटभराची सरासरी घेऊन बेस चालू केला तर सगळा नकाशा २-३ मीटर सरकतो. गंमत अशी की प्लॉटच्या बाजू आणि क्षेत्रफळ अचूकच येतं, त्यामुळे शेजारच्या सर्व्हे नंबरशी हद्द जुळवेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. बेस ज्ञात बिंदूवर ठेवा, किंवा दोनेक तास कच्चा डेटा नोंदवून नंतर कॉर्सच्या डेटाशी सोडवा. अँटेनाची उंची तिरकी मोजलीत की उभी, तेही वहीत लिहा.

अचूकतेत दोन्ही सारखेच: आडव्यात साधारण ८ मिमी अधिक दर किलोमीटरला १ मिमी, म्हणजे १० किमीवर १८ मिमी. उंचीत जवळपास दुप्पट. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या) बांधाची किंवा मानशीची (पाणी अडवायच्या दाराची) पातळी काढायची असेल तर समुद्रसपाटीच्या उंचीत रूपांतर करायला विसरू नका. रिसीव्हर मुळात लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली, उंची देतो आणि ती इथे कित्येक दहा मीटरनी कमी, ऋणसुद्धा येते.

कुळागरात माडा-पोफळींखाली दोन्ही पर्याय लंगडे. बाहेर उघड्यावर दोन बिंदू फिक्स करून आत टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) न्या.

गगन, म्हणजे उपग्रहावरून सुधारणा देणारी भारताची सेवा, फुकट आहे, पण अचूकता मीटरभराच्या घरातली. बागायतीचा ढोबळ नकाशा काढायला ठीक, हद्दीच्या दगडाला नाही. ३०० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारे किनाऱ्यावरचे डीजीपीएस बीकन जहाजांसाठीचे. मोजणीवाल्याने त्यांचा विचारच करू नये.