मेरठी ट्रम्पेट घेताय? तिसरी नळी आधी सरकवून बघा

मेरठच्या जली कोठीत बनलेला साधा तीन पिस्टनांचा ट्रम्पेट गावाकडच्या बँडपार्टीला पुरतो का? पुरतो, पण निवडून घेतला तरच. पितळ दणकट, भोंगा मोठ्ठा, वरातीतली धक्काबुक्की सहज सोसतो. त्याबाबतीत पैकीच्या पैकी गुण. खरी गोम तिसऱ्या पिस्टनच्या नळीत आहे.

एकही पिस्टन न दाबता लागणारा सा म्हणजे हार्मोनियमची काळी पाच. खालच्या सप्तकातला शुद्ध रे पहिला आणि तिसरा दाबून येतो, कोमल रे तिन्ही दाबून. हे दोन्ही सूर चढेच लागतात. कारण प्रत्येक नळीचं माप मोकळ्या वाद्यावरून काढलेलं असतं. एक पिस्टन दाबला की वाद्य लांबतं, मग त्यासोबत दाबलेल्या पिस्टनच्या नळीची भर तोकडी पडते. म्हणून शुद्ध रे ला तिसरी नळी साधारण १ सेंटीमीटर बाहेर काढावी लागते, कोमल रे ला दोन-अडीच. भैरवी वाजवणाऱ्याला हे टाळताच येत नाही. नळी अडकली की भैरवी बेसूर झालीच.

बैरूतमध्ये १९८० साली जन्मलेला आणि यादवी युद्धामुळे कुटुंबासह फ्रान्सला गेलेला इब्राहिम मालूफ चार पिस्टनांचा ट्रम्पेट वाजवतो. अरबी संगीतातले अधले सूर निघावेत म्हणून त्याच्या वडिलांनी, नसीम मालूफ यांनी, चौथा पिस्टन बसवून घेतला. तो दाबला की सूर पाव स्वरानं उतरतो. त्याच वाद्यावर इब्राहिमनं जॅझमध्ये स्वतःची वाट काढली, २०१५ साली इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिचं गाणं जॅझमध्ये मांडलं. त्याची फुंक मीड घेतल्यासारखी वळते, ती जरूर ऐका. आपल्या तीन पिस्टनांत ते काम अर्धवट का होईना, पण ही सरकती नळीच करते.

दुकानदार म्हणेल, "वापरून सैल होईल." होत नाही. नळी पूर्ण काढा आणि तिचा एकेक पाय वेगळा घालून बघा. दोन्ही सुटे सहज जातात पण एकत्र अडतात, म्हणजे पाय समांतर नाहीत. सोल्डरचा डाग सोडवून पुन्हा जोडल्याशिवाय इलाज नाही. असा नग घेऊच नका. बोट अडकवायची कडी नसेल तरी नको.

मग पिस्टन न दाबता दुसरी नळी झटक्यात ओढा. 'फट्' असा आवाज आला तर पिस्टन घट्ट. नाही आला तर हवा गळते.

सोबत येणाऱ्या माउथपीसची कड बहुधा ओठाला टोचते. सेव्हन सी मापाचा वेगळा घ्या. तो अडकला तर पक्कड लावू नका, पुढची नळी पिळवटते.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, वाद्याची श्रुती चढते, कॅसिओ कीबोर्डची तिथंच राहते. सूर जुळवायची मुख्य नळी १ सेंटीमीटर बाहेर काढली की अर्ध्या सुराचा साधारण पाव भाग उतरतो. खोबरेल तेल पिस्टनला कधीच नको: पौषात थिजतं, वैशाखात फुफाटा धरून चिकट होतं. पिस्टन पुसून, पातळ व्हॉल्व्ह ऑइलचे ४-५ थेंब, प्रत्येक वरातीआधी. परत घालताना त्यावर कोरलेले १, २, ३ आकडे बघा. अदलाबदल झाली की फुंकच जात नाही.