वेर्ण्याची असेंब्ली लाईन की अवकाशयानाचे हार्नेस टेबल?

गोव्यात फर्मागुडीच्या आयटीआयतून इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक किंवा आल्तिनोच्या पॉलिटेक्निकमधून पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्यांपुढे साधारण दोन वाटा असतात: वेर्णा औद्योगिक वसाहतीत लागणे, किंवा बेंगळुरू, हैदराबाद, तिरुवनंतपुरम गाठून उपग्रह आणि प्रक्षेपकांच्या एव्हिऑनिक्सची, म्हणजे त्यांतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची, जुळणी करणे. पहिल्या वाटेवर मी चार वर्षे काढली, दुसरीवर हे नववे वर्ष आहे. रॉकेटच्या आकर्षणापेक्षा रोजच्या आठ तासांत हात काय करतात, हे पाहून निवड करावी असे मला मनापासून वाटते.

वेर्ण्यात बहुतेक घटक यंत्रच बसवते. माणूस यंत्राला घटक पुरवणारे फीडर भरतो, सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लो ओव्हनमधून आलेला बोर्ड तपासतो, उरलेले कनेक्टर हाताने लावतो, आणि शिफ्टअखेर शेकडो बोर्ड पुढे गेलेले असतात. यंत्र चालवण्याचे आणि दोष पटकन ओळखण्याचे हे कौशल्य देशात कुठेही नोकरी मिळवून देते. त्याला कमी लेखू नये.

अवकाशाच्या कामात मात्र एका हार्नेसवर, म्हणजे कनेक्टर लावलेल्या तारांच्या जुडग्यावर, कित्येक दिवस जातात. बावीस गेजची तार सोलताना तिच्या एकोणीस धाग्यांपैकी एकाला जरी ओरखडा पडलेला दहापट भिंगाखाली दिसला, तरी ते टोक कापून पुन्हा सुरुवात करावी लागते. मग तारेच्या टोकावर कॉन्टॅक्ट, म्हणजे धातूची पिन, दाबून बसवायचा (क्रिम्प करायचा), त्याच्या बारीक छिद्रातून धागे दिसतात का ते पाहायचे, कनेक्टरमध्ये बसवून हलकेच ओढून खात्री करायची, आणि हत्याराच्या क्रमांकासह नोंद करून सही करायची. निरीक्षकाचा शिक्का पडल्याशिवाय पुढची पायरी नाही. सोल्डरही निराळे असते. वेर्ण्यात सुमारे २१७ अंशांना वितळणारे शिसेविरहित सोल्डर वापरले जाते, तर इथे १८३ अंशांना वितळणारे कथील-शिशाचे, कारण शुद्ध कथिलावर कालांतराने केसासारखे धातूचे तंतू उगवून शॉर्ट होऊ शकते आणि कक्षेत गेलेला बोर्ड दुरुस्त करायला कोणी जाऊ शकत नाही.

गोव्याच्या पावसाळ्यात आमची मुख्य चिंता आयसीत शिरणाऱ्या दमटपणाची असे. कोरड्या हवेत ती स्थिर विजेची होते. माणसाला झटका जाणवायला सुमारे ३००० व्होल्ट लागतात आणि काही घटक १०० व्होल्टच्या आतच बिघडतात, म्हणून एक मेगाओमचा रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटपट्टा, लावूनच टेबलाला हात लावायचा.

पगाराचे बोलायचे, तर इस्रोत आयटीआयवाल्यांसाठीचे टेक्निशियन-बी पद सातव्या वेतन आयोगाच्या तिसऱ्या स्तरावर, म्हणजे २१,७०० रुपये मूळ वेतनावर सुरू होते, आणि प्रथम श्रेणीच्या पदविकेवर मिळणारे टेक्निकल असिस्टंटचे पद ४४,९०० रुपयांवर. त्यावर महागाई भत्ता वेगळा. लेखी परीक्षा आणि कौशल्य चाचणी दोन्ही असतात, जागा मोजक्याच निघतात. खासगी पुरवठादारांकडे लवकर शिरकाव होतो, पण तिथे आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या सोल्डरिंग प्रमाणपत्राचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. वेर्ण्यात पगार कमी वाटला, तरी घरून डबा घेऊन जाता येते आणि भाडे वाचते; हा हिशेब कागदावर मांडूनच पाहावा. निर्वात कक्षात उष्ण-थंड करून पाहण्याची थर्मल व्हॅक्यूम चाचणी रात्रंदिवस चालते, ती चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, आली तर गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला घरी पोचता येत नाही. माझ्या दोन चवथी अशाच गेल्या.

माझे मत विचाराल, तर दोन वर्षे वेर्ण्यात हात बसवून मगच बाहेर पडावे. त्यात एक धोका आहे, तो मी अनुभवला आहे. नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षी सोल्डरचा एक सांधा जरा निस्तेज दिसला, तेव्हा लाईनवरच्या सवयीने मी तो पुन्हा गरम केला आणि नोंद केली नाही. सांधा उत्तम झाला होता. तरीही मी स्वतःहून सांगितल्यावर तो बोर्ड उड्डाणाच्या साठ्यातून काढून प्रशिक्षणाच्या कपाटात ठेवला गेला, कारण त्याला किती वेळा उष्णता लागली याचा पुरावा उरला नव्हता. तो निर्णय योग्य होता हे ज्यांना आत्ताच पटते, त्यांनी इस्रोच्या केंद्रांतील भरतीच्या जाहिरातींवर आजपासून लक्ष ठेवावे. ज्यांना तो अन्याय वाटतो, त्यांना वेर्ण्याचे काम अधिक मानवेल.