प्रोटीनच्या डब्यात गेलेले २३,३६० रुपये

आधी आकडाच सांगते, कारण "गेले असतील हजार-दोन हजार" हे ऐकून माझे कान किटले आहेत. प्रोटीन पावडरचा पहिला डबा ४,२०० रुपये. मग तीन डबे एकदम, ११,७००. वजन वाढवायच्या गेनरचा डबा २,८५०. 'डाएट प्लॅन' म्हणून व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला, त्याचे १,५००. पोरगा आजारी पडला तेव्हा डॉक्टर आणि रक्ततपासणी मिळून १,३४०. आणि डब्यात खरंच काय भरलंय हे लॅबमधून काढून घ्यायला १,७७०. एकूण २३,३६०. मी एका पतसंस्थेत १९ वर्षांपासून कॅशिअर आहे. नोट बोटांत आली की खरी-खोटी कळते मला. म्हणूनच हे कुणाला सांगायची लाज वाटत होती. पण हे खोटे डबे विकणारा, मुलाच्या जिममधला ट्रेनर आता दुसऱ्या जिममध्ये जाऊन तेच डबे विकतोय असं कळलं, आणि लाज बाजूला ठेवली.

माझा मुलगा २० वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे नागपुरातल्या रेशीमबागच्या मैदानावर पळायला आणि संध्याकाळी मानेवाड्याकडच्या एका जिममध्ये. १६०० मीटरची त्याची वेळ चांगली येते. अडलं होतं ते छातीवर. न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर आणखी ५ वाढावी लागते. याची टेप ७७ वर थांबायची. ज्यांच्या घरात भरतीचं पोरगं आहे त्यांना हे दोन सेंटिमीटर काय असतात ते सांगायला नको. ट्रेनरने बरोबर तेच पकडलं. मला जिममध्ये बोलावून घेतलं, माझ्यासमोर टेप लावली आणि म्हणाला, "काकू, काहून टेन्शन घेऊन राह्यल्या? वरणभातानं छाती भरते का? तीन महिने पावडर द्या, ७९ काय ८२ करून देतो."

मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत, हे मला सांगायचंच आहे. बर्डीवरच्या दुकानात भाव विचारून आले. तिथे तोच डबा ६,८०० ला होता, वर छापील किंमत ८,९९९. हा म्हणाला, "माझा माल डायरेक्ट इम्पोर्टरकडून येते, ट्रेनर रेटनं." ट्रेनर लोकांना कमिशन मिळतं हे मलाही माहीत होतं, त्याने स्वतःचं कमिशन सोडलं असेल असं वाटलं. डब्याचं सील पाहिलं, शेवटची तारीख पाहिली, होलोग्राम उजेडात तिरका धरून पाहिला. कोणीही शहाणा माणूस याहून जास्त काय बघतो?

आणि तरीही एक क्षण होता. तो मला अजून झोपू देत नाही.

होलोग्रामखाली चंदेरी पट्टी होती. ती नाण्याने खरवडली की खालून बारा आकड्यांचा कोड निघतो. बाजूच्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला की कंपनीचं पान उघडतं, तिथे तो कोड टाकायचा. ओट्याजवळ उभी राहून मी तो टाकला. हिरवी खूण आली, 'तुमचं उत्पादन अस्सल आहे'. मुलगा मागून बघत होता. म्हणाला, "आई, शेवटचा आकडा सात आहे, तू एक टाकला." मी परत पाहिलं. खरंच सात होता. म्हणजे चुकीच्या कोडलाही त्या पानाने 'अस्सल' म्हटलं होतं. मी पुन्हा नीट टाकला, पुन्हा तीच हिरवी खूण. "असेल काही सर्व्हरचं," मी म्हणाले. कुकरची शिट्टी झाली आणि मी वळले.

खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तर मी लोकांची स्लिप परत करते. म्हाताऱ्या माणसांनाही काउंटरवरून परत पाठवलंय मी एका आकड्यासाठी. आणि माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पोराच्या पोटात जाणाऱ्या वस्तूसाठी चुकलेला आकडा चालून गेला आणि मी चालवून घेतला. क्यूआर कोड त्यांनीच चिकटवलेला, पान त्यांचंच, कोणताही कोड टाका ते हो म्हणणार. चोराच्याच तराजूत मी माल तोलत होते. डब्यावरच्या क्यूआरवर कधीही विश्वास ठेवू नका. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून पान उघडा, आणि मुद्दाम एक आकडा चुकवून बघा.

दुसरी खूणही होती. पैसे यूपीआयने पाठवले तेव्हा स्क्रीनवर कुणा बाईचं नाव आलं. "माझ्या बहिणीचा नंबर आहे काकू, माझी लिमिट संपली." जिथे नाव वेगळं येतं तिथे हात आवरा, बाकी काही ऐकू नका.

पोराला ती पावडर पहिल्या दिवसापासून नको होती. कस्टर्ड पावडरसारखा वास, गोडमिट्ट. प्यायला की पोट गच्च व्हायचं, करपट ढेकर यायचे. "आई, माझ्याच्यानं पिववत नाही," म्हणायचा. आणि मी ग्लास हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहायचे, ४,२०० चा डबा आहे, फेकायला नाही आणला. पैसे गेल्याचं दुःख एकीकडे, पण नको म्हणणाऱ्या पोराला दोन महिने मी स्वतःच्या हाताने ते पाजलं, हे माझ्यानं विसरणं होत नाही. ट्रेनर म्हणायचा सुरुवातीला असंच होतं, बॉडी ॲडजस्ट होऊन राह्यली, आणि त्यावरच त्याने गेनर विकला. शेवटी जुलाब सुरू झाले, चार दिवस ग्राउंड बुडालं. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "याची गरज आहे असं सांगितलं कुणी?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. खरं-खोटं तपासत बसले, लागतं की नाही ते नाही तपासलं. डॉक्टरांनी एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी कागद-पेन घेतलं. साध्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. इतका व्यायाम करणाऱ्याला १.४ ते १.६ धरा. याचं वजन ६२, म्हणजे नव्वदीच्या आसपास. मग त्यांनी आमच्याच घरातलं अन्न मांडलं. दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम. अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, १६. मूठभर नव्हे तर मोजून ५० ग्रॅम फुटाणे, १०. सोयाबीन वडी कोरडी ५० ग्रॅम, २६. दोन वेळचं वरण, डाळ कच्ची ६० ग्रॅम धरून १३. सहा पोळ्यांचे १८. बेरीज ९५. बेरीज मी तिथेच दोनदा केली. विदर्भात शेतंच्या शेतं सोयाबीन पिकतं आणि मी परदेशी डबा शोधत होते. वडी मला किराण्यात १४० रुपये किलो पडते, म्हणजे दिवसाचे सात रुपये. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळली की उग्रपणा जातो, मग रश्श्यात टाका नाहीतर पोह्यांत. सासूबाई तर पहिल्यापासून म्हणत होत्या, पोराला हरभऱ्याची उसळ दे, ताक दे. मी त्यांना गप्प केलं होतं.

खरी पावडर म्हणजे विष नव्हे, हेही सांगते. दूध फाटल्यावर चीज-पनीरमधून जे पिवळसर पाणी निथळतं, त्यातलंच प्रोटीन वाळवलेलं असतं ते. कुणाला अन्न पुरेसं जात नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात शरीर कमावण्यासाठी असले प्रोटीन डबे टाळा असंच म्हटलंय. त्याच्या महिनाभर आधी केरळच्या डॉक्टरांच्या एका गटाने भारतात विकले जाणारे ३६ डबे तपासून प्रसिद्ध केलं. जवळपास ७० टक्के डब्यांत लेबलवरचं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं. पोराला वास आवडत नाही, पोट बिघडतं, तर जबरदस्ती करू नका. माझं ऐका.

लॅबचा कागद आला त्यात १०० ग्रॅममागे प्रोटीन १९.६, कार्बोहायड्रेट ७१. लेबलप्रमाणे ३३ ग्रॅमच्या एका स्कूपात २४ ग्रॅम प्रोटीन असायला हवं होतं, निघतं साडेसहा. म्हणजे एका अंड्याएवढं. डब्यात ६९ स्कूप, तेव्हा एका स्कूपचे ६१ रुपये पडले. अंडं मी सात रुपयांना आणते. लॅबमधल्या मुलाने सांगितलं की प्रोटीनची नेहमीची चाचणी नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते, म्हणून काही लोक ग्लायसिन, टॉरिन अशी नायट्रोजन असलेली स्वस्त रसायनं मिसळून आकडा फुगवतात. म्हणजे नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकड्यांचा परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्याच फॉसकॉस या परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. माझ्या डब्यावरचा क्रमांक दुसऱ्याच राज्यातल्या एका नमकीनवाल्याचा निघाला. दोन मिनिटांचं काम होतं, आणि ते मी पाच डबे घेऊन झाल्यावर केलं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, "पक्कं बिल आहे का?" नाही. "डबा वापरला ना तुम्ही? मग फसवणूक कशी?" मी लॅबचा कागद पुढे केला, त्यांनी तो वाचलासुद्धा नाही, उलटा करून टेबलावर ठेवला आणि मला म्हणतात, "मॅडम, पोट्ट्याला घरचं खाऊ घाला." तेवढं कळायला मी ठाण्यात आले होते का? अर्ज घ्यायला तयार होईनात, घेतला तर पोच देईनात. दीड तास बाकावर बसून पोच घेतली मी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, ते मला त्यांना सांगावं लागलं.

मग ज्या ऑफिसचं काम अन्नातली भेसळ पकडणं आहे तिथे गेले. फोडलेला डबा चालत नाही म्हणाले. परत आले, सीलबंद डबा घेऊन गेले. तर आणलेला नमुनाच चालत नाही, आमचा माणूस दुकानात जाऊन घेतो. मग जा ना! "जिम म्हणजे दुकान नाही मॅडम." तिसऱ्या खेपेला अधिकारी दौऱ्यावर, चौथ्या खेपेला बदली. सहा अर्ध्या रजा गेल्या माझ्या, त्यांचे पैसे मी वर धरलेलेच नाहीत. शेवटी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मी स्वतः वाचला. कलम ४० प्रमाणे कुणीही ग्राहक फी भरून सरकारी विश्लेषकाकडून अन्न तपासून घेऊ शकतो. पण खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगायला हवं! फसताना कोणता माणूस समोरच्याला सांगतो की मी हे तपासायला नेणार आहे? एवढ्या खेपांमध्ये हे कलम मला त्या ऑफिसातल्या एकानेही सांगितलं नाही.

१९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपचे मेसेज, डब्याचं झाकण, खरवडलेली पट्टी, काही फेकू नका. एक डबा न फोडता ठेवा. ट्रेनरकडून खायची वस्तू घेऊच नका, कितीही गोड बोलू दे. आणि जिमवाले "तो आमचा माणूस नव्हता, फ्रीलान्सर होता" म्हणतील, ते आत्तापासून लक्षात ठेवा.

मी आयोगात तक्रार टाकली आहे. त्याच जिममधली आणखी तीन घरं भेटली. एका मुलाच्या वडिलांचे ९,८०० गेलेत, ते घरी बायकोलाही बोलले नव्हते. बिल कुणाकडेच नाही, पण पैसे सगळ्यांचे त्याच बाईच्या नावावर गेलेत, आणि ते चारही स्क्रीनशॉट आम्ही एकत्र लावले आहेत. न फोडलेला डबा माझ्या कपाटावर आहे. मुलाची टेप परवा ७८.५ वर आली.