वितरकाकडे नोकरी की सल्लागार फर्ममध्ये?

भाचीच्या हातात दोन ऑफर आहेत: म्युच्युअल फंड वितरक आणि सेबीकडे (शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेली गुंतवणूक सल्लागार फर्म. जाहिरातीतलं ‘ग्रोथ’ वगैरे सोडून द्या.

परीक्षा: वितरकाकडे एनआयएसएमची (सेबीची प्रशिक्षण संस्था) व्ही-ए ही परीक्षा पुरते. सल्लागाराकडे एक्स-ए आणि एक्स-बी दोन्ही, अभ्यास दांडगा.

पैसा: खरी मेख इथे. वितरकाला फंड कंपनी ट्रेल कमिशन (ग्राहकाची गुंतवणूक टिकेल तोवर मिळत राहणारं) देते, म्हणून टार्गेट, आणि मार्चमध्ये फोनवर फोन. सल्लागार थेट ग्राहकाकडून फी घेतो. त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कमिशन चालत नाही. पण नुसत्या सल्ल्याचे पैसे मोजायचे म्हटलं की आपल्या लोकांच्या जिवावर येतं! ग्राहक हळूहळूच जमतात.

कटकट: सल्लागाराकडे करार, रिस्क प्रोफाइल (ग्राहकाला किती जोखीम झेपेल याचा अंदाज), प्रत्येक सल्ल्याची कारणांसह नोंद.

बोलघेवडी, लगेच कमाई हवी असलेली मुलगी वितरकाकडे रमेल. आकडेमोड आवडते आणि घरखर्चाचा भार नाही, तिने सल्लागार फर्म धरावी.