लातूरच्या धुळीत टफ टीजी-७: तीन हंगामांच्या वापरानंतर

पाण्यात चालणारा कॅमेरा आणि तो लातूरला कशाला? घेतला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी हेच विचारलं. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं पंधरा मीटर खोल पाण्यात टिकणाऱ्या कॅमेऱ्याचं काम काय, असं कुणालाही वाटणारच. पावसाळा, सुगी आणि हिवाळा असे तिन्ही हंगाम तो रोज जवळ बाळगल्यावर माझं उत्तर तयार आहे. आपल्याकडं हा कॅमेरा धुळीसाठी घ्यायचा. पाण्याचं काम तो करतोच, पण मराठवाड्यात कॅमेरे खराब होतात ते बहुतेक वेळा धुळीनं.

कॅमेरा आहे ओएम सिस्टीम या ब्रँडचा टफ टीजी-७. ऑलिम्पसची जुनी टफ मालिका हीच. ऑलिम्पसनं कॅमेऱ्यांचा धंदा वेगळ्या कंपनीकडं दिला आणि त्यानंतर २०२३ मध्ये हे मॉडेल आलं. १२ मेगापिक्सेल, लहान सेन्सर (उजेड टिपणारा भाग), २५ ते १०० मिलिमीटरच्या तोडीचा झूम. कंपनीच्या दाव्याप्रमाणे १५ मीटर पाण्यात, २.१ मीटरवरून पडल्यावर, १०० किलोच्या दाबाखाली आणि उणे १० अंशांत चालतो. उणे दहाचा आपल्याला उपयोग नाही. बाकीच्या तिन्हींचा आहे.

माझं काम औसा तालुक्यात शेतकरी गटांबरोबर पीक पाहणीचं. आठवड्यातले बहुतेक दिवस स्कूटीवर आणि बांधावर जातात. फोटोंची आवड कामाच्या आधीपासूनची. मोठा कॅमेरा आहे, चांगला आहे, पण तो शेतात न्यायचा म्हणजे बॅग, कापड, प्लॅस्टिकची पिशवी आणि सतत जिवाला घोर. त्यामुळं तो लग्नात आणि सहलीतच बाहेर निघायचा. रोजच्या जगण्याचे फोटो मोबाईलवर, आणि मोबाईल चिखलाच्या हातानं धरवत नाही. टीजी-७ मात्र पर्समध्ये किल्ल्यांबरोबर पडलेला असतो आणि शेतात कमरेच्या पाऊचमध्ये. साधारण पाव किलो वजन. त्याला जपावं लागत नाही, म्हणून तो हातात येतो, आणि हातात येतो म्हणून फोटो निघतात. माझ्या लेखी हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

धुळीचं आधी सांगते. साध्या छोट्या कॅमेऱ्याची भिंग असलेली नळी चालू केली की बाहेर येते आणि बंद केली की आत जाते. दरवेळी आत जाताना ती बारीक माती बरोबर घेऊन जाते. काही दिवसांनी नळी करकरायला लागते, मग एक दिवस अर्ध्यात अडकते. टीजी-७ मध्ये झूमची सगळी हालचाल अंगातच होते, बाहेर काही येत नाही. समोर सपाट काच, मागं पडदा आणि मध्ये बंद डबी.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत याची खरी परीक्षा झाली. मळणी यंत्राच्या भुशाच्या तोंडाला उभं राहिलं की माणूस ओळखू येत नाही, डोळ्यांच्या पापण्यासुद्धा पिवळट होतात. तिथं मी दिवसभर फोटो काढले. टोपलं उचलणाऱ्या बायांचे, डोक्याला उपरणं आणि तोंडाला रुमाल बांधून यंत्रात पेंढ्या टाकणाऱ्या पोरांचे, पोत्यात पडणाऱ्या दाण्यांच्या धारेचे. संध्याकाळी घरी आल्यावर कॅमेरा सरळ नळाखाली धरला, बटणांच्या कडेची माती अंगठ्यानं चोळून काढली आणि दांडीवर रुमालाशेजारी वाळत टाकला. आई बघत राहिली. नवरात्रात तुळजापूरला जाऊन आल्यावरही हेच केलं. कुंकवाचा रंग काचेच्या कडेला बसला होता, तो एका धुण्यात गेला.

एक गोष्ट मात्र पाळावी लागते. बॅटरी-कार्डाचं झाकण आणि चार्जिंगचं झाकण, ही दोनच दारं आहेत आणि कॅमेऱ्याचा सगळा टफपणा त्या दारांच्या रबरावर आहे. शेतात, वाऱ्यात, मळणीवर ती कधीच उघडायची नाहीत. रबरावर केसाएवढा कण बसला तरी तिथून पाणी शिरू शकतं. मी रात्री घरी, हात धुऊन, उजेडात झाकण उघडते, रबरावरून कोरडं मऊ कापड फिरवते आणि मगच चार्जिंगला लावते. टाइप-सी केबल चालते, त्यामुळं मोबाईलचाच चार्जर पुरतो. फोटो बघायला कार्ड काढावं लागत नाही, वायफायवरून मोबाईलवर घेता येतात. रबरी सील वर्षातून एकदा बदलून घ्यावं असं कंपनीच सांगते, तेवढा खर्च मनात धरूनच कॅमेरा घ्यावा.

आता ज्यासाठी मी हा कॅमेरा कुणालाही हातात घेऊन बघायला सांगेन, ते सांगते. वरच्या चकतीवर सूक्ष्मदर्शकाचं चिन्ह आहे. तिथं फिरवलं की भिंगापासून एक सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते, आणि पूर्ण झूम करूनही दिसते. हे दुसऱ्या रोजच्या वापराच्या कॅमेऱ्यात मला मिळालं नाही.

ऑगस्टमध्ये एका आबांच्या सोयाबीनमध्ये मधूनमधून शेंडे माना टाकत होते. आबांचं म्हणणं, पावसानं ओढ दिली म्हणून. मी एक देठ धरला, कॅमेरा टेकवला आणि पडद्यावर दाखवला. देठाभोवती दोन बारीक गोल खाचा कोरलेल्या, एकमेकींपासून बोटाच्या पेराएवढ्याही लांब नाहीत, आणि त्या दोन्हींच्या मध्ये पोखरल्याची बारीक खूण. चक्रीभुंग्याची मादी अशा दोन खाचा करते आणि त्यांच्या मध्ये अंडं घालते. वरच्या भागाला मग रस पोचत नाही.

आबांनी चष्मा कपाळावर सरकवून पडदा डोळ्यांजवळ नेला.

"ह्यानं माना टाकायलंय व्हय? आन् मी म्हणायलो पाणी कमी पडायलंय."

"पाण्याचं नाही आबा. हे वाळलेले शेंडे खाचेच्या खालून मोडा, गोळा करा आणि नष्ट करा."

"दाखव की परत एकदा. ए सुनबाई, हिकडं ये, बघ ह्ये."

सून आली, मग शेजारच्या रानातले दोघं आले. पुस्तकातलं चित्र दाखवून जे तासभर सांगावं लागतं, ते त्यांच्याच रानातल्या देठानं दोन मिनिटांत सांगितलं. मक्यावर आणि ज्वारीवर अमेरिकन लष्करी अळी आली की तसंच. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख पडद्यावर दाखवली की दुसऱ्या अळीशी गल्लत होत नाही. फोटोबरोबर जीपीएसची जागाही नोंदवता येते, त्यामुळं कुणाच्या कोणत्या तुकड्यात काय दिसलं हे नंतर शोधावं लागत नाही.

पण कामाच्या पलीकडं जाऊन मला वेड लावलं ते हरभऱ्यानं. डिसेंबरात सकाळी लवकर हरभऱ्यात गेलात तर पायाला झोंबतं, चपलेचा रंग उडतो, ते आपण सगळे लहानपणापासून जाणतो. त्या आंबेची, म्हणजे हरभऱ्यावरच्या आंबट थेंबांची, महती ज्यांनी रात्री रानात फडकं अंथरलंय त्यांना विचारा, सकाळी ते पिळून पोटदुखीला ठेवायचे. ती आंब मी पहिल्यांदा पाहिली ती या कॅमेऱ्यात. हरभऱ्याच्या पानाला, घाट्याला सगळीकडून बारीक केस असतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. दव पानावर पसरून बसतं. हे थेंब तसे नाहीत, ते केसांच्या टोकांवर तोललेले असतात, एकेक वेगळा, गोल, आरपार. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाचे ते थेंब. कोवळ्या सूर्यात मागून उजेड आला की सबंध घाट्याभोवती बारीक मण्यांची झालर दिसते. मी ते फोटो मोठे करून गटाच्या बैठकीच्या खोलीत लावलेत. जन्मभर हरभरा काढणाऱ्या बाया त्यांच्यासमोर उभ्या राहून बघतात. आंबेतून फिरवल्यावर कॅमेरा पाण्यानं धुवायचा, एवढं लक्षात ठेवा.

असे फोटो काढताना दोन अडचणी येतात. एक सेंटिमीटरवर कॅमेऱ्याचीच सावली पडते. त्यावर भिंगाभोवती बसणारं एलजी-१ नावाचं कडं वेगळं मिळतं, ते कॅमेऱ्याचा दिवा गोल पसरवतं. माझ्या मते ते कॅमेऱ्याबरोबरच घ्यावं. दुसरी अडचण वाऱ्याची. इतक्या जवळून पान जरासं हललं तरी चित्र चौकटीबाहेर जातं. मी डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरते आणि तोच हात कॅमेऱ्याला टेकवते, म्हणजे दोन्ही एकत्र हलतात. वेगवेगळ्या अंतरावरचे काही फोटो पटापट काढून त्यांचा एकच स्पष्ट फोटो बनवण्याची सोयही आत आहे. ती घरात, पान टेबलावर ठेवून उत्तम चालते. रानात सकाळी वारा सुटायच्या आधीच.

पडद्याला स्पर्श चालत नाही, सगळं बटणांवर. दुकानात हे जुनाट वाटतं. रानात ओल्या, चिखलाच्या, हळदीच्या हातानं मोबाईलचा पडदा ऐकत नाही आणि हा ऐकतो, तेव्हा त्याची किंमत कळते.

वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतपूजेच्या सणाला, अख्खं लातूर शेतात असतं. कडब्याची खोप, पांडव म्हणून मांडलेले चुन्यानं रंगवलेले दगड, आंबिलीचं बिंदगं, भाज्यांची भज्जी, पिठाचे उंडे. त्या दिवशी मी कॅमेरा भाचरांच्या ताब्यात दिला. मोठा कॅमेरा मी कधीच दिला नसता. हातोहात फिरला, भज्जीच्या हातानं धरला गेला, बांधावरून एकदा ढेकळांत पडला. त्यांनी काढलेल्या फोटोंत आमच्या कुणाच्या नजरेला न येणारं खूप काही होतं: पंगतीत बसलेल्यांचे पाय, खोपीच्या आतून दिसणारं आभाळ, आजीच्या हाताचा ठसा उमटलेला उंडा. अंधार पडल्यावर हेंडगा, म्हणजे कडब्याची पेंढी, पेटवून रानात फिरवला, तेव्हाचे फोटो मात्र मोबाईलनंच घ्यावे लागले. या आकाराच्या सेन्सरला अंधार मानवत नाही. दाणे दिसतात, चेहरे पुसट होतात. भिंगाचं तोंड झूम न करता एफ २ पर्यंत उघडतं, पूर्ण झूमवर ४.९ च. म्हणून संध्याकाळी झूमला हात लावायचा नाही, दोन पावलं पुढं जायचं.

पाण्याचंही सांगायला हवंच. पावसाळ्यानंतर भरलेल्या विहिरीत पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकत होती, तिथं मी पायरीवर बसून अर्धा कॅमेरा पाण्यात बुडवला. वर विहिरीचे दगड आणि आभाळ, खाली हिरव्या पाण्यात मारलेले पाय. पाणी गढूळ असल्यानं लांबचं काही दिसत नाही, हातभर अंतरावरचंच येतं, पण तेवढं भरपूर आहे. कॅमेरा तरंगत नाही, सरळ तळाला जातो. मनगटाला पट्टा हवाच, आणि खोल पाण्यात तरंगणारा पट्टा. नळदुर्गला बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणी महाल आणि नर-मादी धबधबे पावसाळ्यात पाहिले, तिथं तुषारांनी सगळे मोबाईल खिशात गेले होते. कॅमेऱ्याला तुषारांचं काही नाही, फक्त काचेवरचा थेंब फोटोत धूसर डाग होऊन बसतो. मऊ सुती रुमाल खिशात ठेवा आणि दर दोन-तीन फोटोंनी काच पुसा. गरम पाण्यात मात्र हा कॅमेरा घालू नये. किनवटकडं उनकेश्वरच्या झऱ्यांना जाणार असाल तर काठावरूनच फोटो काढा.

उन्हाचंही तसंच. वापरासाठी ४० अंशांची मर्यादा दिलेली आहे आणि आपला मे महिना त्याच्या वर असतो. स्कूटीच्या डिकीत तर कधीच ठेवू नका. मी पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवते आणि दुपारी बारा ते चार काढत नाही. तसाही त्या वेळचा उजेड फोटोच्या कामाचा नसतो, आणि पडद्यावरही काही दिसत नाही. डोळा लावून बघायची खिडकी याला नाही.

बॅटरी कंपनीच्या हिशेबानं साधारण ३३० फोटोंची. जीपीएसची सततची नोंद चालू ठेवली तर बॅटरी लवकर उतरते. एक जादा बॅटरी ठेवा, पण वरचं दारांचं सांगितलेलं आठवा: शेतात ती बदलायची नाही, गाडीत काचा लावून बदलायची.

पक्ष्यांसाठी हा कॅमेरा घेऊ नका. जायकवाडीला हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेलात तर १०० मिलिमीटरच्या झूममध्ये गुलाबी ठिपके येतील, बाकी काही नाही. लग्नाच्या हॉलमध्येही मोबाईल पुढं जातो. ज्यांचा दिवस मातीत, पाण्यात, भुशात जातो आणि ज्यांना बारीकसारीक गोष्टी थांबून बघायला आवडतात, त्यांच्यासाठी हा आहे. रंग काळा आणि लाल असे दोन मिळतात. शेतात वापरायचा असेल तर लाल घ्या, गवतात पडला तर सापडतो.

बजेट कमी असेल तर २०१९ चं टीजी-६ वापरलेलं बघायला हरकत नाही. मेगापिक्सेल, झूम आणि सूक्ष्मदर्शकाची सोय जवळपास तीच. चार्जिंगला जुनं मायक्रो-यूएसबी आहे आणि पकड थोडी गुळगुळीत. घेताना दोन्ही झाकणं उघडून रबर बघा. चिरा, वाळू, चपटेपणा दिसला तर सील बदलल्याशिवाय पाण्यात घालू नका. झाकणाच्या आत पितळी टोकांवर हिरवट डाग असतील तर पाणी आधीच शिरून गेलेलं आहे, तो कॅमेरा सोडून द्या.