बर्फातली सात किलोंची सॅक: हिवाळाभर वापरल्यानंतर

बर्फातल्या ट्रेकसाठी हे हलकं सामान घेतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "उणे किती झेपतं रे?" उत्तर हवंच असेल तर, माझ्या स्लीपिंग बॅगवर कम्फर्ट उणे ७ आणि लिमिट उणे १४ असं छापलंय. पहिला आकडा खरा धरलात तर झोप लागते. दुसऱ्या आकड्याच्या थंडीत माणूस अंग आखडून, कूस बदलत सकाळ गाठतो. त्यापलीकडे एक्स्ट्रीम म्हणून तिसरा आकडा असतो, तो खरेदी करताना बघूच नका. डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत उत्तराखंडातल्या लोहाजंग, सांकरी आणि रैथल या गावांच्या वरच्या बाजूला हे सगळं पाठीवर वागवल्यावर मला मात्र थंडीपेक्षा पाण्याबद्दल बोलायचंय. बॅगेत मुरणारं पाणी, तंबूला आतून चिकटणारं पाणी, घामाचं पाणी आणि प्यायचं पाणी. हलक्या सामानाचे छापील आकडे कोरड्या सामानाचे असतात. बर्फात तिसऱ्या मुक्कामानंतर त्यातलं काहीच कोरडं नसतं.

सात किलो म्हणजे खाणं, पाणी आणि गॅस सोडून, तेही तंबू नि भांडी दोघांत वाटून. सॅक ५० लिटरची, किलोभराची. डाउनची, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांची, स्लीपिंग बॅग अकराशे ग्रॅम, दोन मॅट मिळून नऊशे, दोघांचा तंबू साडेबाराशे. बाकी डाउन जॅकेट, वारा-पाऊस अडवणारं वरचं जॅकेट, एक जादा थर्मल, मोजे, पॉवर बँक, औषधं. कंपनीच्या ट्रेकला जाणार असाल, जिथे तंबू आधीच लागलेले असतात, स्वयंपाकी गरम सूप हातात देतो आणि सॅक खच्चरावर टाकता येते, तर यातल्या बऱ्याच गोष्टींवर पैसे घालू नका. हा हिशोब सगळं स्वतः उचलणाऱ्यांसाठी आहे.

आधी स्लीपिंग बॅग, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. डाउन ८०० फिल पॉवरचं आहे (हा पिसांच्या फुगण्याचा आकडा, जास्त तितकं चांगलं), बॅग दाबली की दुधीभोपळ्याएवढी होते. पहिल्या दोन रात्री मस्त ऊब. नंतर हळूहळू गार लागायला लागतं आणि वाटतं की आज थंडी वाढली असावी. थंडी तीच असते. झोपेत शरीरातून जी वाफ बाहेर पडते ती पिसांमधून बाहेरच्या कापडाकडे जाते, आणि ते कापड शून्याखाली असल्यामुळे वाटेतच गोठते. सकाळी ऊन असेल तर प्रश्न नाही. बॅग उलटी करून तंबूवर पसरायची, तासाभरात पुन्हा फुगते. पण लोहाजंगच्या वर ब्रह्मतालच्या बाजूला सलग ढग होते, ऊन पाहायला मिळालं नाही. तिथे बॅग उजेडासमोर धरली तर कप्प्याकप्प्यांत पिसांच्या गुठळ्या स्पष्ट दिसत होत्या आणि मधल्या जागा रिकाम्या. लोहाजंगला उतरल्यावर हुकाच्या काट्याला टांगली, तर जवळपास पावशेर वजन वाढलं होतं. एवढं पाणी आम्ही पाठीवरून हिंडवत होतो, वर ऊब कमी.

यावर उपाय म्हणजे बॅगेच्या आत घालायचं, वाफ अडवणारं अस्तर. प्लास्टिकसारख्या पातळ कापडाची पिशवी, सव्वाशे ग्रॅमच्या आत. पहिल्यांदा आत शिरल्यावर ओल्या रेनकोटात झोपल्यासारखं वाटतं, हे कबूल. पण अंगात पातळ थर्मल ठेवलं आणि डाउन जॅकेट अस्तराच्या बाहेर राहिलं तर तासाभरात शरीरच घाम कमी करतं आणि चिकटपणा सहन होतो. सांकरीच्या वर हे वापरलं तेव्हा शेवटच्या रात्रीही बॅग पहिल्या रात्रीइतकीच फुगलेली होती. माझ्या मित्राला ते दोन रात्रींवर झेपलं नाही, त्याने मला देऊन टाकलं. एक-दोन मुक्कामांसाठी याची गरज नाही, चारच्या पुढे मात्र मी याशिवाय जाणार नाही. आणि कितीही गारठलं तरी नाक बॅगेच्या बाहेर. तोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढा, पण श्वास आत सोडू नका.

आता गॅस. सह्याद्रीत हलका बर्नर म्हणजे चहा-मॅगीची सोय, बर्फात तोच तुमचा नळ असतो. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याला उकळी आणायला, ३५०० मीटरवर ते ८८ अंशांच्या आसपास उकळतं असं धरलं तर, आणखी साधारण ३७०. म्हणजे ओढ्याच्या पाण्याच्या तुलनेत गॅस जवळपास दुप्पट जातो. म्हणून पिण्याचं पाणी आम्ही उकळत बसत नाही, वितळवून कोमट केलं की त्यात शुद्धीकरणाची गोळी. उकळतं फक्त जेवणाला आणि रात्री बाटलीत भरायला. तरीही २३० ग्रॅमचा डबा दोघांना दीड दिवसाच्या वर पुरत नाही. टायटॅनियमचं भांडं घेऊन वाचवलेले शंभर ग्रॅम इथे एका संध्याकाळीच परत जातात.

भांड्याबद्दल सांगायचं तर माझं साडेसातशे मिलिलिटरचं आहे आणि बर्फासाठी ते लहान पडतं. ताजा भुसभुशीत बर्फ भांडंभर कोंबला तरी त्याचं पाणी घोटभरच होतं, त्यामुळे सतत मूठमूठ टाकत बसावं लागतं. तळाशी थोडं पाणी विरजणासारखं शिल्लक ठेवायचं, नाहीतर बर्फ वरच्या वर राहतो, तळ कोरडा तापतो आणि पाण्याला करपट वास येतो. लोहाजंगच्या आमच्या गाइडदादांनी ते भांडं हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिलं आणि विचारलं, "साहब, इसमें कितने लोगों की चाय बनेगी?" त्यांच्याकडे काळंकुट्ट झालेलं दोन लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. पुढच्या हिवाळ्यात मीही दीड लिटरचं ॲल्युमिनियम नेतोय.

डब्यात काय आहे हे वाचून घ्या. नुसता ब्यूटेन असेल तर समुद्रसपाटीला तो उणे अर्ध्या अंशालाच वाफ व्हायचा थांबतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे थोडी सवलत मिळते, पण गॅस जळताना डबा स्वतःच गार होत जातो, त्यामुळे ती सवलत टिकत नाही. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण बरं, कारण प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. गोम अशी की आधी प्रोपेनच संपतो, म्हणून अर्धा झालेला डबा पहाटे रुसतो. रात्री डबा बॅगेत पायाशी घेऊन झोपायचं आणि सकाळी कोमट पाण्याच्या ताटलीत बसवून पेटवायचं. जाळ कायम उघड्यावर. बंद तंबूत बर्नर लावून कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेलेली आहेत, तेव्हा बाहेर कितीही वारा असो.

तंबू ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालायच्या काठ्यांवरच, उभा राहणारा आहे. वजन बघता झकास, बर्फात कटकट्या. खुंट्या बर्फात धरतच नाहीत. आम्ही कापडी पिशव्यांत बर्फ ठासून त्यांना दोरी बांधतो, आडव्या पुरतो आणि वरून पाय देऊन दाबतो. अर्ध्या तासात बर्फ आवळतो आणि मग काही हलत नाही. सकाळी त्याच पिशव्या उकरून काढताना बोटांचे हाल, हे धरून चाला. आतून गोठलेल्या दवाचा थर जमतो, हात लागला की तोंडावर भुरभुरतो. किचनमधलं मायक्रोफायबरचं फडकं त्यासाठी उत्तम, पण सगळं निघत नाही. घडी घातलेला तंबू दीड किलोच्या वर जातो. एक निरीक्षण: उघड्या माळापेक्षा झाडीत हा त्रास निम्म्यावर येतो. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या गवताळ कुरणांवरच्या, मुक्कामावर बंदी आणली, त्यामुळे रैथलच्या वरच्या दयारा बुग्यालला आम्ही झाडीतच राहिलो. आकाश थेट डोक्यावर नसल्यामुळे बांज-बुरांशाच्या (ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या) झाडांखाली तंबूचं कापड कमी गारठलं आणि सकाळी आतून बरंच कोरडं मिळालं.

मॅटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ती काही त्रासच देत नाही. खाली फोमची कॅरीमॅट, वर हवेची. फोमची आर-व्हॅल्यू (जमिनीची थंडी अडवण्याचा आकडा) २, हवेचीची ४ च्या वर, दोन्हींची बेरीज होते. हवेची मॅट तोंडाने फुगवू नका, श्वासातली ओल आत जाऊन गोठते. सोबत मिळते ती पंपाची पिशवी वापरा. हवेची फुटली तरी फोम आहे ही निश्चिंती मला चारशे ग्रॅमला स्वस्त वाटते. दिवसभर बसायलाही फोमचीच.

पायांच्या बाबतीत मात्र मी हलकेपणाच्या वाटेला गेलो नाही. हलके जाळीदार बूट बर्फात दुपारपर्यंत भिजतात आणि रात्री लाकडासारखे कडक होतात. एक नंबर मोठे, पाणी न शिरणारे बूट, बुटात बर्फ जाऊ न देणारे गेटर्स, बुटांवर चढवायचे दातेरी मायक्रोस्पाइक्स. बूट रात्री पिशवीत घालून बॅगेत. झोपायचे मोजे वेगळे, ते दिवसा कधीही पायात घालायचे नाहीत.

टिकाऊपणाचं सांगतो. सॅकचं कापड मायक्रोस्पाइक्सनी एका बाजूला फाटलं, टेपवर चाललंय. स्लीपिंग बॅगेची चेन आतल्या पातळ कापडात अडकते, अंधारात हातमोजे घालून सोडवताना शिव्या येतात, आणि शिवणीतून अधूनमधून पिसं निघतात. पोकळ तंतूंचा वॉटर फिल्टर एका रात्री बाहेर गोठला की त्याचा भरवसा संपला, कारण तंतू तुटलेले डोळ्यांना दिसत नाहीत. तो मी आता हिवाळ्यात नेतच नाही. पॉवर बँक अंगाशी ठेवली तरच उपयोगी. सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या तासातच गोठते, म्हणून रुंद तोंडाच्या बाटल्या, त्याही उलट्या ठेवायच्या, म्हणजे बर्फ तळाशी धरतो आणि झाकण उघडतं.

घरी आल्यावरचं काम कुणी सांगत नाही. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये डाउन दाबून पिशवीत ठेवलं तर कुबट वास धरतं. माझी बॅग कपाटात हँगरला लोंबतेय, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या, घरच्यांच्या साड्यांची जागा अडवून.

गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, सामान चेक-इन केलं तरी नाही. आम्ही देहरादूनच्या दुकानात आधी फोन करून राखून ठेवायला सांगतो. सांकरीत मिळाले तर बहुधा ब्यूटेनचे मिळतात, तेही हंगामाच्या गर्दीत संपलेले असतात.